फॉरमॅट मारलं म्हणजे झालं का?

*दादा, नमस्कार. आम्ही वसमतचे. आमच्या ह्यांचं मोंढ्यात हळदीचं आडत दुकान आहे. दुकानात जागा नाही म्हणून कॉम्प्युटर घरीच ठेवलाय. संध्याकाळी टॅलीच्या नोंदी मी करते, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढते आणि हे सांगतील तसे पैसेही नेट बँकिंगनं पाठवते. मुलगी बारावीला आहे, तिचे क्लासचे व्हिडिओ त्यावरच असतात. मुलगा आठवीत, त्याला गेम.*

*मागच्या महिन्यात दुपारी मुलगा एकटाच बसला होता. एकदम स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत सांगायला लागली की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका. खाली फोन नंबर होता. पोरगं घाबरलं, त्यानं माझ्या मोबाइलवरून फोन लावला. समोरचा हिंदीत गोड बोलला, काहीतरी डाउनलोड करायला लावलं आणि मग माउस आपोआप फिरायला लागला म्हणे. अर्धा तास तो माणूस आत होता. शेवटी चार हजार नऊशे रुपये मागितले तेव्हा मुलगा मला बोलवायला आला. मी सरळ बटण बंद केलं. पैसे गेले नाहीत.*

*दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्या पोरानं फॉरमॅट मारून दिलं, पाचशे रुपये घेतले. "डी ड्राइव्हला हात लावला नाही काकू, टॅलीचा डेटा जशाला तसा आहे. आता काही भ्यायचं काम नाही," म्हणाला. पण माझ्या जिवाला चैन नाही. तो माणूस अजून आपल्याला बघत असेल का? मी मॉनिटरवर टॉवेल टाकून ठेवते. कोपऱ्यात अधूनमधून व्हायरस सापडल्याची चिठ्ठी अजून येतेच. हे म्हणतात, "आपल्याकडं चोरून न्यायला हाय काय?" अँटीव्हायरस विकत घेऊ का? मुलाला मी दोन दणके दिले, तेव्हापासून तो कॉम्प्युटरकडं फिरकत नाही.*

*— एक ताई, वसमत*

ताई,

आधी पोराचं बोलू. त्याला जवळ बसवा आणि सांगा की पैसे मागितल्याबरोबर तू आईला बोलवायला आलास, हे बरोबर केलंस. मोठमोठी शिकलेली माणसं त्या टप्प्यावर कुणालाच न सांगता पैसे भरून मोकळी होतात. दणके खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी बोलवायला येणार नाही, आणि पुढची वेळ येणारच आहे.

त्या लाल स्क्रीनवेळी कॉम्प्युटरला काहीच झालेलं नव्हतं. ते फक्त एक वेबपान होतं, पूर्ण पडदाभर पसरवलेलं, आणि भोंगाही त्यातलाच. गेमच्या किंवा फुकट सिनेमाच्या साइटवर चुकीच्या जाहिरातीवर बोट पडलं की ते उघडतं. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबून धरलं की बहुतेक वेळा ते लहान होतं. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात क्रोमवर क्लिक करून 'एंड टास्क'. पुन्हा क्रोम उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारतं, तिथं नको म्हणायचं. मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. एवढी एक गोष्ट घरात सगळ्यांच्या डोक्यात बसली तरी पुष्कळ झालं.

खरा धोका सुरू झाला फोन लागल्यावर. दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर त्यानं मुलाकडून टाकून घेतलं. ती सॉफ्टवेअरं मुळात चांगल्या कामाची असतात, कंपन्यांतले इंजिनिअर तीच वापरतात. पण त्यांच्यामार्फत इतकी लूट होऊ लागली की रिझर्व्ह बँकेला फेब्रुवारी २०१९मध्ये एनीडेस्क या त्यातल्याच एका सॉफ्टवेअरबाबत बँकांना सावध करावं लागलं. मुलाला विचारा, त्या माणसानं काळ्या-पांढऱ्या यादीत लाल-पिवळी चिन्हं दाखवली का? बहुतेक दाखवली असतील. ती यादी विंडोजमध्ये असतेच, 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही तिथं शंभर चुका नोंदलेल्या असतात, आणि हे लोक त्याच व्हायरस म्हणून दाखवतात.

अर्धा तास म्हणजे थोडा वेळ नाही. तेवढ्यात फायली स्वतःकडं ओढून घेता येतात. 'पुन्हा जोडताना समोरच्याची परवानगी नको' अशी सोयही करून ठेवता येते. आणि क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बघता येतात. तुमच्या कॉम्प्युटरला चालू करताना पासवर्ड किंवा पिन विचारला जातो का? नसेल विचारला जात, तर क्रोममधले साठवलेले पासवर्ड डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केल्याबरोबर उघडे दिसतात. कुठलीही हॅकिंगची विद्या लागत नाही.

म्हणून तुमच्या शीर्षकातल्या, माफ करा, तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर असं. फॉरमॅटनं त्या माणसाचं सॉफ्टवेअर गेलं. पण त्यानं पासवर्ड बघून ठेवले असतील तर ते फॉरमॅटनं परत येत नाहीत. त्यामुळं कॉम्प्युटर कितीही चकाचक झाला असला तरी पासवर्ड बदलायचं काम अजून बाकीच आहे. तुम्ही पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणजे ते झालेलं नाही असं मी धरून चालतो.

ते आजच करा, आणि कॉम्प्युटरवर नको, मोबाइलवर करा. पहिला नंबर जीमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलो'चे निरोप तिथंच येतात. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'युवर डिव्हायसेस' दिसतं. तिथं ओळखीचं नसलेलं जे काही असेल ते साइन आउट करा, आणि तुमच्या कॉम्प्युटरची फॉरमॅटच्या आधीची नोंदही करा, पुन्हा लॉगिन करता येतं. हे साइन आउट महत्त्वाचं आहे. हेरगिरीचे प्रोग्रॅम नुसता पासवर्ड नेत नाहीत, तुम्ही आधीच आत आहात याची ब्राउझरमधली खूण उचलून नेतात. ती खूण ज्याच्याकडं आहे त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खातरजमा, चालू करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग'ही बघा. आलेल्या प्रत्येक मेलची नक्कल परस्पर तिसऱ्याच पत्त्यावर जात असेल तर ते तिथं सापडतं.

नंतर नेट बँकिंग. पासवर्ड बदलाच, आणि ज्यांना पैसे पाठवता त्या खात्यांची यादी एकदा ह्यांना शेजारी बसवून वरपासून खालपर्यंत वाचा. अनोळखी नाव दिसलं तर काढून टाका आणि बँकेला कळवा. जीएसटीचं लॉगिन तुमच्या सीएकडं असेल तर त्यांनाही बदलायला सांगा. व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर चालू असायचं का? मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन सगळे तोडून टाका. आणि नवे पासवर्ड क्रोमला आठवून ठेवायला लावू नका, निदान बँकेचा तरी. वहीत लिहून कपाटात ठेवले तरी चालतील. वसमतच्या तुमच्या कपाटापर्यंत इंटरनेटवरून कुणी पोचत नाही.

फोन तुमच्या मोबाइलवरून गेला होता, म्हणजे तुमचा नंबर आता त्यांच्या यादीत आहे. पुढचे काही महिने चित्रविचित्र फोन आणि मेसेज येतील. 'आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कट होणार, बिल अपडेट करा.' 'पीएम किसानची यादी डाउनलोड करा.' लग्नपत्रिकेच्या नावानं किंवा ट्रॅफिकच्या चलनाच्या नावानं फाइल येईल आणि नावाच्या शेवटी एपीके असेल. पत्रिका कधी एपीके नसते. तो मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्रॅम असतो आणि तो तुमचे ओटीपी वाचतो.

आता कॉम्प्युटरवाल्या पोराकडं येतो. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. आपल्याकडं वसमत असो, सेलू असो की उदगीर, रात्री आठला फोन केला तरी स्कूटरवर येणारा तोच असतो, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी नात्यातला असतो. पण त्यानं 'आता भ्यायचं काम नाही' म्हटलं ते मला पटत नाही. त्यानं विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसला आणि बाकी फायलींचा डी ड्राइव्ह तसाच ठेवला. टॅली वाचली हे चांगलंच, पण मुलानं उतरवलेल्या गेमचे सेटअप कुठं असतात? बहुतेक घरांत ते डी ड्राइव्हवरच असतात, 'न्यू फोल्डर'च्या आत आणखी एका 'न्यू फोल्डर'मध्ये. फॉरमॅटनंतर पोरं तिथूनच तोच गेम पुन्हा टाकतात आणि त्यात काही लपलेलं असलं तर तेही पुन्हा आत येतं.

दुसरं म्हणजे त्याच्या पेनड्राइव्हवरची विंडोज. पाचशे रुपयांत विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप सगळं मिळालं असेल तर ते विकत घेतलेलं नाही हे उघड आहे. अशी क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली विंडोज चालू ठेवायला 'ॲक्टिव्हेटर' नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो कुणी बनवला, आत आणखी काय घातलं, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि त्या पोरालाही नाही. विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, म्हणजे डिफेंडर, त्याला पकडतो. म्हणून ॲक्टिव्हेटर चालवायच्या आधी डिफेंडर बंद करतात, नाहीतर त्याला सांगून ठेवतात की अमुक फोल्डरकडं बघायचं नाही.

हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' शोधा. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्याखाली 'मॅनेज सेटिंग्ज'. वरची बटणं चालू आहेत का बघा, विशेषतः 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन'. मग त्याच पानाच्या अगदी तळाशी जा, 'एक्सक्लूजन्स' दिसेल. 'ॲड ऑर रिमूव्ह' दाबा. ती यादी रिकामी हवी. तिथं एखादं चमत्कारिक फोल्डर दिसलं, किंवा अख्खा सी ड्राइव्हच लिहिलेला दिसला, तर डिफेंडर असूनही तुमच्या घरात पहारा नाही. खूण हिरवी दिसत राहते आणि तो बघत काहीच नाही. सगळ्या नोंदी काढून टाका. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागी व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळं लपून बसणाऱ्यांना लपायला वाव मिळत नाही. पंधरा मिनिटं लागतात. लाईट जायच्या वेळेला लावू नका.

यादीत काही सापडलं तर माझा सल्ला स्पष्ट आहे. पुन्हा फॉरमॅट, पण यावेळी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलेल्या विंडोजनं. ती फाइल तिथं फुकट मिळते, पैसे लायसन्सचे असतात. कंपनीचा तयार कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला असेल तर लायसन्स त्याच्या आतच असतं, ती विंडोज टाकली की आपोआप लागू होतं. मोंढ्याजवळच्या दुकानातून जुळवून घेतलेला असेल तर लायसन्स विकत घ्यावं लागेल. ह्यांना ते जिवावर येईल, हे मला माहीत आहे. पण ज्या यंत्रावरून दुकानाचे पैसे शेतकऱ्यांच्या खात्यात जातात त्या यंत्राची गोष्ट चाललीय.

त्या पोराला दुखवायचं नसेल तर एवढंच म्हणा, "बाळा, तुझी मजुरी घे, पण माझ्यासमोर इथंच बसून कर, आणि सेटअप मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरव." सीपीयू दुकानात नेऊ देऊ नका. त्यात मुलीचे फोटो आहेत, आधारच्या पीडीएफ आहेत, पट्ट्या आहेत. त्याच्या मनात काही नसेलही, पण त्याच्या दुकानात दिवसभर दहा माणसं येऊन बसतात.

विंडोज कुठली आहे तेही बघा. विंडोज ७चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पाठिंबा संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, नवीन सापडलेली भोकं बुजवणं बंद होतं. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली होती, ती सेटिंगमधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावरून घेता येते. यंत्र झेपणारं असेल तर विंडोज ११ करून घेणं उत्तम. फार जुनं असेल तर मुलांच्या अभ्यासापुरतं त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका, फुकट आहे आणि चांगलं चालतं. पण टॅली त्यावर सरळ चालत नाही, म्हणून तुमच्या कामाला उपयोगी नाही.

अपडेट बंद करून ठेवण्याचा रोग आपल्या भागात फार आहे आणि त्याला कारणंही आहेत. अपडेट ऐंशी टक्क्यांवर आलेलं असतं आणि लाईट जाते. किंवा इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतं, दिवसाचा दीड-दोन जीबी संपतो म्हणून कुणीतरी ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवतं, आणि मग विंडोज बहुतेक अपडेट उतरवतच नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं. दोन महिने हातात होते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर घ्या आणि आठवड्यातून एकदा, रविवारी मोंढा बंद असताना, अपडेट होऊ द्या.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आता सांगतो. तुमच्याकडं घरातले सगळे विंडोजच्या एकाच खात्यावर काम करतात आणि ते खातं ॲडमिनचं आहे, बरोबर? म्हणजे आठवीतलं पोरगंसुद्धा 'येस' दाबून कॉम्प्युटरमध्ये काहीही बसवू शकतं. आडतीच्या घराला समजेल असं सांगायचं तर सह्या केलेलं अख्खं चेकबुक टेबलावर उघडं पडलंय. सेटिंगमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन वेगवेगळी खाती करा. एक ॲडमिनचं, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडं, आणि ते रोजच्या कामाला वापरायचंच नाही. एक दुकानाचं, एक मुलांचं, दोन्ही 'स्टँडर्ड'. मग कुठलाही प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मुळाशी हात घालायला गेला की ॲडमिनचा पासवर्ड मागितला जाईल. त्या दुपारी एवढं असतं तर कदाचित तो माणूस फोनवर मुलाला सांगत राहिला असता, आणि मुलगा पासवर्ड विचारायला तुमच्याकडं आला असता. पूर्ण बंदोबस्त यानं होत नाही, दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरसकट काही गोष्टी साध्या खात्यातही चालतात. पण मुलाच्या खात्यात घुसलेल्याला दुकानाच्या खात्यातले पासवर्ड सहजी मिळत नाहीत. टॅलीचं फोल्डर मात्र डी ड्राइव्हवर सगळ्यांना दिसतं तसंच राहील. ते फोल्डर दुकानाच्या खात्यापुरतं मर्यादित करून घ्या, हे काम त्या पोराला सांगा, त्याला येतं.

कोपऱ्यात येणारी चिठ्ठी. ती बहुधा व्हायरसचीही नाही आणि अँटीव्हायरसचीही नाही. कुठल्या तरी साइटवर 'अलाउ' दाबलं गेलं की ती साइट कोपऱ्यात निरोप पाठवत राहते. फॉरमॅटनंतरही येतंय म्हणजे नंतर कुणीतरी पुन्हा दाबलंय. मुलगा तर कॉम्प्युटरकडं फिरकत नाही म्हणता, मग मुलीला विचारा, नोट्सच्या फुकट पीडीएफ शोधताना 'मी रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं आलं होतं का. (रागावू नका, तिचंही वर्ष बारावीचं आहे.) क्रोमच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, ओळखीची नसेल ती काढून टाका. क्रोमच्याच सेटिंगमध्ये 'एक्स्टेन्शन्स'ही, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही, बघा. कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी, पीडीएफ बदलणारी जी एक्स्टेन्शनं कुणी मुद्दाम घातल्याचं आठवत नाही ती उडवा. घरगुती कॉम्प्युटरवरची बरीचशी हेरगिरी अशा सोज्वळ नावांखाली चालते. कुठल्या साइटवर गेलात, काय टाइप केलंत, सगळं वाचायची परवानगी आपणच दिलेली असते.

अँटीव्हायरस विकत घ्यायचा का? डिफेंडर चालू आहे, एक्सक्लूजन्स रिकामे आहेत, विंडोज खरी आणि अपडेट आहे, एवढं असेल तर घरासाठी तो पुरतो. मनाच्या समाधानासाठी घ्यायचाच असेल तर घ्या, पुण्याच्या क्विक हीलसारखे आपल्याकडचे पर्यायही आहेत. पण एकाच वेळी दोन ठेवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात. आणि क्रॅक केलेला अँटीव्हायरस तर अजिबात नको, त्याचीही पेनड्राइव्हवर वाटणी चालते! एकदा तपासून बघायचं असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर कॉम्प्युटर साफ करायची टूल्स फुकट मिळतात. २०१७पासून ते केंद्र चालू आहे आणि लोकांना त्याची खबरच नाही.

मॉनिटरवरचा टॉवेल काढा. साध्या डेस्कटॉपच्या मॉनिटरला कॅमेराच नसतो. वरच्या कडेला मधोमध लहानसं गोल भिंग आहे का बघा, आणि वायरीनं लावलेला वेबकॅम आहे का ते बघा. नसेल तर तुम्हाला बघायला त्याच्याकडं काहीच नाही. टॉवेलनं उलट मॉनिटर तापतो. वेबकॅम असेल तर काम नसताना त्याची वायर काढून ठेवा.

पेनड्राइव्हबद्दल थोडं. झेरॉक्सच्या दुकानातून, सेतू केंद्रातून पेनड्राइव्ह परत आला की फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलं की रोग घरी आला. आधी स्कॅन करा, किंवा सरळ पीडीएफ मेलनं पाठवून तिथं प्रिंट काढा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा, म्हणजे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असलं सोंग लगेच उघडं पडतं; शेवटी ईएक्सई म्हणजे ते बिल नाही, प्रोग्रॅम आहे.

आता ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर. "आपल्याकडं चोरून न्यायला हाय काय?" त्यांना असं विचारा. हळदीच्या सीझनमध्ये ज्या शेतकऱ्यांना आरटीजीएस करता त्यांचे खाते क्रमांक आणि आयएफएससी कुठं आहेत? व्यापाऱ्यांकडून येणं किती, कुणाचं किती थकलंय, हे कुठं आहे? सांगलीच्या एखाद्या खरेदीदाराला तुमच्याच मेलवरून गेलेल्या बिलावर खाते क्रमांक तेवढा बदललेला असला तर तो पैसे कुणाच्या खात्यात भरेल? बिलाच्या मेलमध्ये शिरून नुसता खाते क्रमांक बदलायचा, हा आता चोरांचा ठरलेला धंदा आहे. तुमच्या खात्यातून रुपया जात नाही आणि तरी लाखाचं भांडण दोन पेढ्यांत लागतं. व्यापाऱ्यांना आजच फोन करून सांगून ठेवा की आमचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर फोनवर विचारल्याशिवाय भरू नका. याला एक रुपया लागत नाही, आणि आवाज तर एकमेकांचा वर्षानुवर्षं ओळखीचा आहे.

शिवाय चोराला तुमची माहिती नको असली तरी तुमचा कॉम्प्युटर हवा असतो. दुसऱ्यांना बनावट मेल पाठवायला, कुणाच्या तरी साइटवर हल्ला करायला असे हजारो घरगुती कॉम्प्युटर एकत्र जुंपलेले असतात. तपासात पत्ता सापडतो तो तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा.

टॅलीच्या डेटाची नक्कल रोज संध्याकाळी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि घेतल्यावर ती वायर काढून ठेवा. लावलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिलाही कुलूप घालतो. एक जुनी नक्कल महिन्याच्या शेवटी दुकानात नेऊन ठेवा.

वायफाय घेतलेलं असेल तर केबलवाल्यानं पासवर्ड एक ते आठ आकडे ठेवलाय की ह्यांचा मोबाइल नंबर ठेवलाय ते बघा. दोन्हीपैकी काहीही असलं तरी बदला. राउटरच्या सेटिंगचा स्वतःचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलून घ्या.

पैसे गेले नाहीत म्हणून तक्रार नको असं समजू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तो फोन नंबर, तारीख, वेळ आणि सॉफ्टवेअरचं नाव नोंदवून टाका, घरबसल्या होतं. आणि पुढं कधी खात्यातून पैसे गेलेच, तर पोलीस ठाण्यात जाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चोराच्या खात्यातून पुढं सरकण्याआधी पैसे गोठवायला तिथून बँकांना कळवलं जातं, आणि तिथं खेळ तासांचा नाही, मिनिटांचा असतो. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमचा खाते क्रमांक हाताशी ठेवा. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेखातर दोन दिवस गप्प बसणं महागात पडतं.

मुलाच्या गेमचं राहिलं. त्याला खेळू द्या, पण फुकटच्या क्रॅक साइटवरून नको. स्टीम नावाच्या गेमच्या साइटवर, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर रीतसर फुकट मिळणारे पुष्कळ गेम आहेत. त्याच्या स्टँडर्ड खात्यात बसवताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर तो तुम्ही टाकायचा, आणि त्याआधी तो गेम काय आहे हे त्यानं तुम्हाला समजावून सांगायचं. कॉम्प्युटरला खाती करायच्या दिवशी त्यालाच शेजारी बसवा. माउस त्याच्या हातात द्या आणि हे पत्र वाचून तुम्ही एकेक पायरी सांगा.